देवळीचा ताम्रपट व वर्ध्यातील राजभाषा

वर्ध्याच्या नैर्ऋत्येस देवळी हे गाव आहे. तेथे राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा शके ८६२, म्हणजे इ. स. ९४० चा ताम्रपट सापडला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी तो प्रसिद्ध केल्यापासून अभ्यासकांस परिचित आहे. राजधानी मान्यखेट, तेथील मुलूख कानडी, दान दिलेले गाव नागपूर-नंदिवर्धनाकडील आणि पटाची भाषा संस्कृत. वंशप्रशस्ती मोठी अलंकारयुक्त आहे. परंतु लेख चतुःसीमांवर येताच कन्हना नदी, मोहमग्राम अशी त्या प्रांतीची नावे येतात. प्रशस्ती कोणास न कळती तरी चालते. शीव न कळून चालणार नव्हते. राजभाषेचा विचार आम्ही या शिवेपासून करतो.

हाच जिल्हा पुढे दोन राजभाषांच्या राज्यात नांदला. १९३६ साली राष्ट्रभाषा प्रचार समिती वर्ध्यास स्थापन झाली, आणि १९३७ च्या ऑक्टोबरात तेथेच भरलेल्या शिक्षण परिषदेने मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे ठरविले. या दोहोंत आम्हांस विरोध दिसत नाही. नागपूर राजधानी असलेल्या तत्कालीन मध्यप्रदेशाने १९५० मध्ये हिंदी व मराठी या दोन्ही भाषांस कायद्याने राजभाषा केले. डॉ. रघुवीर त्या काळी नागपुरास राहून संस्कृत धातूंपासून शासकीय शब्द घडवीत होते. हेतू हा की, एकच शब्द अनेक भाषांस चालावा.

संस्कृत शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. सबब ही योजना आम्हांस प्रिय वाटावी हे साहजिक. तथापि 'शिक्षा' हा शब्द पाहा. वेदांगांत ते उच्चारशास्त्र, हिंदीत शिक्षण, मराठीत दंड! 'संसार' तिकडे जग, इकडे घरप्रपंच. 'चेष्टा' तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. लिपी एकच असल्याने भूल अधिक पडते. मराठी वाचक हिंदी कागद न अडखळता वाचतो, आणि अडखळला नाही म्हणून समजला असे मानतो. लिपी परकी असती तर त्याने निदान कोणास विचारले असते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी वर्ध्यासह आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. तेथे मराठीच्या जोडीस गुजराती. १९६० त महाराष्ट्र झाले व १९६४ च्या कायद्याने मराठी राजभाषा ठरली. केंद्राचा व्यवहार हिंदी-इंग्रजीत असल्याने वर्धेकरांच्या हाती आजही तीन भाषांचे कागद येतात. शेताच्या खरेदीखतात मात्र चतुःसीमा अद्यापि लिहितात, आणि तेथे नाला, पांदण यांची नावे गावात जी म्हणतात तीच असतात.