थायरॉइड रक्ततपासणी आणि औषधमात्रा

थायरॉइड रक्ततपासणी आणि औषधमात्रा : गळ्याच्या पुढील भागातील अवटू (थायरॉइड) ग्रंथीचे कार्य रक्तातील संप्रेरकांवरून जोखणे आणि त्यानुसार रुग्णाच्या गोळीचे प्रमाण ठरवणे.

तपासणीतील घटक : अवटू ग्रंथी मुख्यतः टी-४ म्हणजे थायरॉक्सिन आणि थोड्या प्रमाणात टी-३ तयार करते. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी टीएसएच हे संप्रेरक सोडून अवटू ग्रंथीला चालना देते. रक्तात टी-४ कमी पडला की टीएसएच वाढतो, जास्त झाला की घटतो. टी-४ किंचित बदलला तरी टीएसएच कितीतरी पटींनी बदलतो. म्हणून पहिली तपासणी टीएसएचची असते. प्रौढांत तो साधारणपणे ०.४ ते ४ मिलियुनिट प्रति लिटर असतो. प्रयोगशाळेनुसार ही मर्यादा थोडी वेगळी असते.

अहवालाचे वाचन : टीएसएच वाढलेला व मुक्त (प्रथिनांना न जोडलेला) टी-४ कमी असेल, तर ग्रंथी मंदावली आहे. टीएसएच वाढलेला पण टी-४ प्रमाणात असेल, तर ती सौम्य किंवा छुपी मंदता असते. टीएसएच १०च्या खाली असल्यास पुष्कळदा औषध सुरू न करता काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. टीएसएच कमी व टी-४ जास्त म्हणजे ग्रंथीची अतिक्रिया. दोन्ही कमी असल्यास पोष ग्रंथीचा विकार किंवा दुसरा गंभीर आजार शोधावा लागतो. टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो, त्यामुळे दरवेळी त्याच सुमारास व शक्यतो त्याच प्रयोगशाळेत रक्त दिल्यास तुलना नीट होते. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांनी आकडे चुकू शकतात. त्या किमान दोन दिवस आधी थांबवतात.

मात्रा ठरवणे : ग्रंथी पूर्ण निकामी झाल्यास प्रौढाला दर किलो वजनामागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन लागते. ६० किलोच्या व्यक्तीस साधारण १०० मायक्रोग्रॅम. वृद्ध व हृदयरोगी यांच्यात १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करून मात्रा हळूहळू वाढवतात. थायरॉक्सिनचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. मात्रा बदलल्यावर नवे संतुलन साधण्यास सहा आठवडे जातात, म्हणून पुढील तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात. पंधरवड्यातच तपासून मात्रा पुन्हा बदलणे चुकीचे ठरते. गरजेपेक्षा जास्त मात्रा दीर्घकाळ घेतल्यास हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात.

गोळी घेण्याची रीत : थायरॉक्सिनची गोळी अनशापोटी पाण्याबरोबर घ्यावी व पहिला चहा अर्धा ते एक तासाने प्यावा. ही गोळी आणि लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या यांत चार तासांचे अंतर ठेवावे, कारण लोह व कॅल्शियम थायरॉक्सिनचे शोषण अडवतात. रक्त देण्याच्या दिवशी गोळी नंतर घेणे बरे, कारण ती घेतल्यावर काही तास टी-४ वाढलेला दिसतो. महिनाभर गोळ्या चुकवून तपासणीआधी चार-आठ दिवस नियमित घेतल्यास टी-४ प्रमाणात, पण टीएसएच वाढलेला येतो. असा अहवाल पाहून मात्रा वाढवण्याआधी गोळी कशी घेतली जाते हे विचारणे आवश्यक असते. ओलाव्याने गोळी खराब होते. मुळशीसारख्या मुसळधार पावसाच्या, दमट तालुक्यात बाटलीचे झाकण घट्ट लावून ती चुलीपासून व मोरीपासून दूर ठेवावी.

गर्भारपण : दिवस राहताच थायरॉक्सिनची गरज साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्याने वाढते. गर्भाच्या मेंदूची वाढ सुरुवातीला आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असते. त्यामुळे गोळी बंद न करता लगेच डॉक्टरांना कळवावे. गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात दर चार आठवड्यांनी तपासणी करतात. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या दुपारी किंवा रात्री घ्याव्यात. बाळंतपणानंतर मात्रा पूर्ववत करून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासतात.

प्रसार : डोंगराळ, अतिपावसाच्या भागात मातीतले आयोडीन धुऊन जाते व गलगंडाचा (अवटू ग्रंथी सुजण्याचा) धोका वाढतो. भारतात गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. घरात पोचणाऱ्या मिठात दर दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असणे बंधनकारक आहे. मिठातून आयोडीन मिळू लागले, तरी शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच ग्रंथीवर हल्ला केल्याने होणारी मंदता मोठ्या प्रमाणावर आढळते. मुंबईसह आठ शहरांतील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत ग्रंथीची मंदता दिसली.

अतिक्रियेवरील उपचार : कार्बिमॅझोलसारख्या औषधाने ग्रंथीचे काम कमी करतात. उपचार सुरू झाल्यावर टीएसएच कित्येक आठवडे, कधी महिने दबलेलाच राहतो. या काळात मात्रा टी-४ व टी-३ पाहून ठरवतात. औषध चालू असताना ताप किंवा घसा दुखणे सुरू झाल्यास ते लगेच थांबवून पांढऱ्या पेशी तपासून घ्याव्या लागतात. याउलट, मंदतेसाठी थायरॉक्सिन घेणाऱ्यांची मात्रा स्थिर झाल्यावर सहा ते बारा महिन्यांनी एकदा टीएसएच तपासणे पुरेसे असते; वजन, वय किंवा इतर औषधे बदलल्यास त्याआधीही तपासतात.