साखर मोजली, हृदय मोजायचे राहिले

आजचा धागा इन्सुलिनच्या शोधापुढे काय घडले, याविषयी. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचले गेले. मधुमेहाची कथा लोकप्रिय इतिहासात बहुधा येथेच आनंदाने संपते. वस्तुतः येथून मृत्यूचे केवळ कारण बदलले. पूर्वी रुग्ण बेशुद्धावस्थेत दगावत. आता ते अधिक वर्षे जगू लागले आणि हृदयविकाराने मरू लागले.

बॉस्टनचे एलियट जोस्लिन यांनी हा बदल फार लवकर हेरला. रुग्णांच्या धमन्या कठीण होण्याचा दोष त्यांनी १९२७ मध्येच मेदाच्या अतिरेकाला दिला. यातला उपरोध असा, की पिष्टमय पदार्थ वर्ज्य असल्याने मधुमेह्यांच्या ताटात तोवर वैद्यांच्याच आज्ञेने लोणी आणि साय वाढली जात होती! पुढे १९३६ मध्ये लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी इन्सुलिनला दाद देणारे आणि न देणारे असे मधुमेहाचे दोन प्रकार मांडले. आजचा ‘टाइप टू’ हा त्यातील दुसरा.

तरीही दवाखान्यात मोजली जाई ती साखरच.

हे चित्र पालटण्यात मोठा वाटा मॅसॅच्युसेट्समधील फ्रॅमिंगहॅम या लहानशा गावाचा. १९४८ पासून तेथील ५,२०९ प्रौढांची दर दोन वर्षांनी तपासणी होऊ लागली. महत्त्वाची बाब ही, की त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. हृदयरोग हा ‘पुरुषांचा आजार’ मानण्याच्या त्या काळात ही साधी गोष्ट नव्हे. १९७४ मध्ये विल्यम कॅनेल आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: मधुमेही पुरुषांत हृदय निकामी होण्याचे, म्हणजे ‘हार्ट फेल्युअर’चे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक, तर स्त्रियांत सुमारे पाचपट. रक्तदाब, वजन, कोलेस्टेरॉल आणि आधीचा हृदयविकार हिशेबात धरूनही हा फरक पुसला जात नव्हता. माझ्या मते या संशोधनाचे खरे श्रेय नमुन्याच्या निवडीला आहे. स्त्रिया मोजल्याच नसत्या, तर तो पाचपटीचा आकडा दिसला असता कोठून?

त्याच्या दोनच वर्षे आधी, १९७२ मध्ये, न्यूयॉर्कच्या रुब्लर आणि सहकाऱ्यांनी चार मधुमेही रुग्णांच्या शवविच्छेदनाचा वृत्तान्त दिला होता. हृदय निकामी झालेले, पण हृदयाच्या धमन्यांत लक्षणीय अडथळा नाही. म्हणजे दोष केवळ नळ्यांत नव्हता, स्नायूतही होता.

मेदाचा संबंध दोन्हींशी आहे. इन्सुलिन निष्प्रभ ठरले की चरबीच्या पेशींतून मेदाम्ले रक्तात सुटतात. यकृत त्यांपासून ट्रायग्लिसराइड बनवते, आणि ‘चांगले’ म्हटले जाणारे एचडीएल घटते. एकूण कोलेस्टेरॉल मात्र अनेकदा सर्वसाधारणच दिसते! तिकडे हृदयाचा स्नायू साखर सोडून जवळजवळ सर्वस्वी मेदाम्लांवर चालू लागतो. या इंधनाला प्राणवायू अधिक लागतो. काळाच्या ओघात स्नायू ताठरतो आणि ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत नीट सैलावत नाही.

धमन्यांचा प्रश्न काही अंशी सुटला तो बुरशीमुळे. जपानच्या अकिरा एन्दो यांना १९७३ मध्ये बुरशीतून पहिले स्टॅटिन मिळाले. २००४ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमधील २,८३८ मधुमेह्यांवरील ‘कार्ड्स’ चाचणीत लाभ इतका स्पष्ट दिसला, की ती सुमारे दोन वर्षे आधीच थांबवली गेली. या लोकांना पूर्वी हृदयविकार नव्हता, एलडीएलही फारसे चढलेले नव्हते.

स्नायूच्या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षित दिशेने आले. १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून ‘फ्लोरिझिन’ वेगळे काढले गेले होते. ते लघवीवाटे साखर बाहेर टाकते. त्याच कुळातील एम्पाग्लिफ्लोझिनची चाचणी २०१५ मध्ये ७,०२० रुग्णांवर पूर्ण झाली. हृदय निकामी होऊन रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी घटले. या औषधाने एलडीएल कमी झाले नव्हते; उलट किंचित वाढलेच होते.