सेप्सिस आणि समुद्रशेवाळातील कर्बोदके

नरडाणा हे धुळे जिल्ह्यातील गाव समुद्रापासून बरेच दूर. तरीही तेथील रुग्णाच्या रक्तातील जिवाणू प्रयोगशाळेत ज्या आगरवर वाढवले जातात, ते लाल समुद्रशेवाळातील कर्बोदकच असते. १८८१ साली फॅनी हेसे यांनी सुचवलेली ही युक्ती आजही टिकून आहे. निदानास मदत करणारे शेवाळ उपचारासही उपयोगी पडेल काय?

सेप्सिसमध्ये जिवाणूंशी लढताना शरीराचा प्रतिसाद अनावर होतो आणि स्वतःचेच अवयव निकामी होऊ लागतात. २०१७ साली जगभरात सुमारे ४.९ कोटी लोकांना सेप्सिस झाला व त्याच्याशी निगडित १.१ कोटी मृत्यू झाले, असा अंदाज आहे.

मालवण, रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यांवर आढळणाऱ्या सरगॅसमसारख्या तपकिरी शेवाळात फ्युकॉयडन ही गंधकयुक्त बहुशर्करा असते. १९१३ साली स्वीडनचे किलिन यांनी ती प्रथम वेगळी केली. रक्तातील पांढऱ्या पेशी ज्या सिलेक्टिन रेणूंच्या आधारे रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, त्यांना ती अडवते; त्यामुळे दाह कमी होऊ शकतो. जिवाणूंचे अंतर्विष टोचलेल्या उंदरांवर तिचा संरक्षक परिणाम दिसून आला आहे.

मात्र उंदीर म्हणजे रुग्ण नव्हे. प्रयोगात औषध पुष्कळदा आधीच दिलेले असते. रुग्ण येतो तो आजार बळावल्यावर. शिवाय फ्युकॉयडन रक्त गोठण्यास अटकाव करते आणि सेप्सिसमध्ये रक्तस्रावाचा धोका असतोच. सेप्सिसवरील मान्यताप्राप्त औषध म्हणून ते अद्याप उपलब्ध नाही. बाजारातील शेवाळाच्या गोळ्या हा त्याला पर्याय नव्हे. ताप, धाप, गोंधळलेली अवस्था व घटलेली लघवी दिसताच रुग्णालय गाठावे. सेप्टिक शॉकची शंका असल्यास पहिल्या तासाभरातच प्रतिजैविक द्यावे, असे २०२१ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.