विरोधी पक्षनेता: काम काय, मान किती आणि खुर्ची रिकामी राहिली तर आपलं काय जातं?

महाराष्ट्र विधिमंडळाचं डिसेंबर २०२५ चं हिवाळी अधिवेशन नागपूरला झालं. त्यात विधानसभेला विरोधी पक्षनेता नव्हता आणि विधान परिषदेलाही नव्हता. परिषदेत अंबादास दानवे होते, त्यांची मुदत ऑगस्ट २०२५ मध्ये संपली. विधानसभेत तर नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर ही जागा भरलीच गेली नव्हती. नववी-दहावीच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवताना आम्ही सांगतो की संसदीय लोकशाही सरकार आणि विरोधी पक्ष अशा दोन चाकांवर चालते. मग मुलं विचारतात, "सर, एक चाक नसलं तरी गाडी चाललीच की!" प्रश्न बरोबर आहे. गाडी चालते, पण ती कुठे चालली आहे हे विचारायला कोणी उरत नाही.

आधी शब्दाचंच पाहू. मराठीत आपण 'विरोधी' म्हणतो आणि डोळ्यांसमोर भांडण येतं. उर्दूत या पक्षाला 'हिज्बे इख्तिलाफ' म्हणतात. इख्तिलाफ म्हणजे मतभेद. त्यात दुश्मनी नाही. एकाच मसल्यावर दोन शहाणी माणसं दोन मतं ठेवतात, हे आपल्या घरांत नवं नाही. संसदीय पद्धतीत हा मतभेद सरकारी खर्चानं सांभाळला जातो. ब्रिटनमध्ये १९३७ पासून विरोधी पक्षनेत्याला कायद्यानं पगार मिळतो. आपल्याकडे संसदेसाठी १९७७ चा कायदा आहे आणि महाराष्ट्र विधिमंडळासाठी १९७८ चा. राज्यात या नेत्याला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा असतो. सरकारचे दोष काढणाऱ्या माणसाला सरकारच्याच तिजोरीतून पगार, गाडी आणि कार्यालय! काहींना ही उधळपट्टी वाटते. आम्हाला ती स्वस्तातली सोय वाटते.

या पदाची सगळ्यात मोठी गोष्ट आपल्या शेजारीच आहे. मलकापूरहून कराडात शिरलं की प्रीतिसंगमावर, कृष्णा-कोयनेच्या संगमाशी, यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री होते हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. पण १९७७ मध्ये काँग्रेस पहिल्यांदा केंद्रातली सत्ता हरली, तेव्हा लोकसभेत विरोधी पक्षनेते म्हणून साताऱ्याचे खासदार यशवंतरावच बसले होते, हे फार थोड्यांना आठवतं. संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र ही सगळी खाती सांभाळलेला माणूस आता समोरच्या बाकावर. त्याच वर्षी विरोधी पक्षनेत्याच्या वेतनाचा कायदा झाला, आणि तो जनता सरकारनं केला. म्हणजे नव्या सत्ताधाऱ्यांनी हरलेल्यांच्या नेत्याला कायद्यानं मान दिला.

पुढे काँग्रेस फुटली. १९७८ मध्ये ते पद काही काळ सी. एम. स्टीफन यांच्याकडे गेलं आणि जुलै १९७९ मध्ये पुन्हा यशवंतरावांकडे आलं. त्याच महिन्यात त्यांनी मोरारजी देसाई सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. सत्ताधारी पक्षातच फूट पडत गेली आणि १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. मग राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी सरकार बनवता येईल का, असं आधी विरोधी पक्षनेत्याला, म्हणजे यशवंतरावांनाच विचारलं. आकडे जुळले नाहीत, तसं त्यांनी कळवलं. नंतर चरणसिंगांच्या सरकारात ते उपपंतप्रधान झाले. ते सरकार फार दिवस टिकलं नाही, तो वेगळा किस्सा. पण विरोधी पक्षनेता म्हणजे 'उद्या गरज पडली तर राज्य चालवायला तयार असलेला माणूस' असं पुस्तकात लिहितात, ते कराडच्या माणसाच्या बाबतीत अक्षरशः घडलं.

आता आकड्याचा घोळ. २०२४ च्या निकालात २८८ पैकी ठाकरेंच्या शिवसेनेला २०, काँग्रेसला १६ आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीला १० जागा मिळाल्या. एकूण जागांच्या एक दशांश, म्हणजे २९ आमदार एकाही विरोधी पक्षाकडे नाहीत, म्हणून विरोधी पक्षनेता नाही, असा युक्तिवाद होतो. मार्च २०२५ मध्ये ठाकरे गटानं भास्कर जाधव यांचं नाव अध्यक्षांकडे दिलं. डिसेंबरपर्यंत त्यावर निर्णय झाला नव्हता.

हा दहा टक्क्यांचा दंडक आला कुठून? लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळणकर यांच्या काळापासून. सभागृहाच्या कामाला जेवढी गणसंख्या लागते, म्हणजे एक दशांश, तेवढे सदस्य असलेल्या गटालाच 'पक्ष' म्हणून मान्यता द्यायची, असा तो अध्यक्षांचा निर्देश. तो पक्षाला जागा आणि वेळ वाटून देण्यासाठी होता. १९७७ च्या कायद्यात दहा टक्के हा शब्दच नाही. सरकारविरोधी पक्षांपैकी सर्वांत जास्त सदस्य असलेल्या पक्षाचा, अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता, एवढीच व्याख्या आहे. महाराष्ट्राचा कायदाही त्याच वळणाचा. त्यातल्या 'मान्यता दिलेला' या दोन शब्दांवर सगळं अडतं. अध्यक्षांनी कळवलं नाही तर पद नाही, आणि किती दिवसांत कळवायचं हे कायदा सांगत नाही. आमच्या मते कायद्यातलं हे भोक बुजवायला हवं. आज एका पक्षाला ते सोयीचं आहे, उद्या दुसऱ्याला होईल.

लोकसभेत दहा टक्क्यांचा दंडक कडक पाळला गेला, हे खरं. २०१४ मध्ये काँग्रेसकडे ४४ आणि २०१९ मध्ये ५२ खासदार होते, लागत होते ५५, म्हणून दहा वर्षं ती खुर्ची रिकामी राहिली. त्याआधी काँग्रेसच्या राज्यातही, १९८० ते ८९, लोकसभेला मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नव्हता. दोष एकाच पक्षाच्या माथी मारता येणार नाही. उलट दिल्ली विधानसभेत २०१५ मध्ये भाजपचे ७० पैकी फक्त ३ आमदार होते, तरी आम आदमी पक्षाच्या अध्यक्षांनी विजेंद्र गुप्तांना विरोधी पक्षनेता मानलं.

आणि आपल्या महाराष्ट्रात? १९६२ मध्ये शेतकरी कामगार पक्षाचे २६४ पैकी १५ आमदार होते, तरी कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते होते. १९६७ मध्ये २७० पैकी १९, तेव्हाही धुळपच. याहून जवळचा दाखला १९८५ च्या विधानसभेचा. शरद पवार १९८६ च्या अखेरीस आपला पक्ष घेऊन काँग्रेसमध्ये परतले. मग विरोधकांत मोठा उरला जनता पक्ष. निवडणुकीत त्याचे २८८ पैकी २० आमदार निवडून आले होते. त्या पक्षाचे मालेगावचे निहाल अहमद विरोधी पक्षनेते झाले. पुढे त्याच विधानसभेत शेकापचे दत्ता पाटील आणि जनता पक्षाच्या मृणाल गोरे यांनीही ते पद सांभाळलं. शेकापचे तर १३ आमदार निवडून आले होते. तेव्हा १९७८ चा कायदा लागू होता. २० जागांवर तेव्हा जे जमलं, ते २० जागांवर आता का जमत नाही, याचं उत्तर आकड्यांत सापडत नाही. आणि यंत्रमागांच्या गावातला, समाजवादी विचारांचा एक मुसलमान आमदार साऱ्या राज्याच्या विरोधी पक्षांचा आवाज होता, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगितली जात नाही. शिक्षक म्हणून आम्हाला ती सांगावीशी वाटते. तो काही कौमचा नेता म्हणून तिथे बसला नव्हता. सगळ्यांच्या वतीनं सरकारला जाब विचारायला बसला होता.

आता खुर्ची रिकामी राहिल्यानं आपलं काय जातं, ते पाहू. सभागृहात आरडाओरडा करायला पदाची गरज नसते. पण काही नेमणुका अशा आहेत की कायद्यानं विरोधी पक्षनेता त्या समितीत बसतो. राज्य मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष आणि सदस्य निवडायच्या समितीत मुख्यमंत्री, विधानसभा अध्यक्ष, गृहमंत्री आणि विधानसभेतला विरोधी पक्षनेता असतो. जिथे विधान परिषद आहे तिथे परिषदेचे सभापती आणि तिथला विरोधी पक्षनेताही. म्हणजे सहांपैकी दोन माणसं विरोधी बाकांवरची. दोन्ही जागा रिकाम्या असल्या तरी नेमणूक रद्द ठरत नाही. पोलीस कोठडीतल्या मारहाणीची तक्रार घेऊन माणूस ज्या आयोगाकडे जातो, त्या आयोगावर कोण बसणार हे मग एकाच बाजूच्या माणसांनी ठरवलेलं असतं. अशा तक्रारी कोणत्या वस्त्यांतून जातात, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा याबाबत शहाणा निघाला. राज्य माहिती आयुक्त निवडताना मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल, तर सर्वांत मोठ्या विरोधी गटाच्या नेत्यालाच विरोधी पक्षनेता मानावं, असं त्यात लिहिलेलं आहे. एका ओळीची दुरुस्ती. ती बाकीच्या कायद्यांत का नसावी?

विरोधकांनाही दोन शब्द ऐकवायला हवेत. गेल्या काही वर्षांत ही खुर्ची सत्तेच्या वाटेवरचा एसटी थांबा झाली आहे. एकनाथ शिंदे २०१४ मध्ये जेमतेम महिनाभर विरोधी पक्षनेते होते, मग त्यांचा पक्षच सरकारात गेला. राधाकृष्ण विखे-पाटील २०१९ मध्ये हे पद सोडून त्याच वर्षी मंत्री झाले. अजित पवार २ जुलै २०२३ ला विरोधी पक्षनेतेपद सोडून त्याच दिवशी उपमुख्यमंत्री झाले. यशवंतरावही शेवटी सरकारात गेलेच, असं कोणी म्हणेल. पण त्यांनी आधी अविश्वास ठराव मांडून सरकारला सामोरं घेतलं होतं. ज्याला जाब विचारायचा त्याच्याच शेजारी दुसऱ्या दिवशी माणूस बसला, की मतदाराचा त्या खुर्चीवरचा भरवसा उडतो.

चांगल्या कामालाही विचारणारा लागतो. मलकापूरच्या चोवीस तास पाणी योजनेचं नाव लांबवर गेलं. घरोघर मीटर, वापर जास्त तर दरही जास्त. समजा उद्या दर वाढले, तर एकत्र कुटुंबातल्या दहा माणसांच्या नळाला आणि तिघांच्या नळाला एकच टप्पा का, हे सभेत उभं राहून कोणी तरी विचारायला हवं. सत्तेतला नगरसेवक ते क्वचितच विचारतो. विधानसभेचंही असंच आहे, फक्त तिथे रकमा कोटींत असतात.

विरोधी पक्षनेता नसला तरी प्रत्येक आमदाराला तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना आणि औचित्याचा मुद्दा मांडता येतो. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत होतं, हिवाळी नागपुरात. शिष्यवृत्ती रखडली असेल, वक्फच्या जागेचा वाद असेल, उर्दू शाळेला शिक्षक नसेल, तर तारखा, आदेशाचे क्रमांक आणि केलेल्या अर्जांच्या प्रती जोडून अधिवेशनाच्या बऱ्याच आधी आमदारांना द्याव्यात, कारण प्रश्न दाखल करायची मुदत अधिवेशन सुरू होण्याआधीच संपलेली असते. एक प्रत आपल्या मतदारसंघाच्या आमदारांना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, आणि दुसरी विरोधी बाकांवरच्या एखाद्या अभ्यासू आमदाराला.