वराहमिहिराची वृक्षसूची आणि ठाणें-कल्याणची परसबाग

घराभोवतीं वनासारखी बाग करावी, ही कल्पना हल्लीं पाश्चात्त्य म्हणून सांगितली जाते. ठाणें, कल्याण, डोंबिवली येथें वाड्यांच्या परसबागा जाऊन इमारती उठल्या. उरल्या अंगणांत काय लावावें, याविषयीं आपल्या ग्रंथांची साक्ष काढण्यास हरकत नाहीं.

बृहत्संहितेंतील वृक्षायुर्वेदाध्याय या कामीं मोलाचा आहे. मऊ भूमींत प्रथम तीळ पेरावे व फुलावर येतांच तेथेंच तुडवावे, ही भूमीची पहिली मशागत. हिलाच आज हिरवळीचें खत म्हणतात. दोन वृक्षांत २० हात अंतर उत्तम, १६ मध्यम, १२ कनिष्ठ. हात दीड फुटांचा धरल्यास २० हात म्हणजे ३० फूट. तेव्हां लहान अंगणांत मोठा वृक्ष एकच, बाकी झुडपें व वेली, हें ओघानेंच आलें.

याच अध्यायांत अनूप, म्हणजे पाणथळ, प्रदेशाचे १६ वृक्ष मोजले आहेत. ग्रंथकार अवंतीचा, तरी यादी कोंकणास लावून पाहण्याजोगी आहे. जांभूळ, कदंब, उंबर, अर्जुन, नक्तमाल (करंज), फणस, आम्रातक (आंबाडा) हे आपला पावसाळा सुखानें सोसतात. परंतु तींतच मृद्वीका, म्हणजे द्राक्ष, आणि डाळिंब आहे! द्राक्षें नाशकाकडे व डाळिंबें सोलापुराकडे, घाटावरच्या कोरड्या हवेंत पिकतात. ठाण्याच्या दमट हवेंत त्यांस बुरशी धरते. यादी डोळे मिटून घेण्याची नव्हे. 'वंजुल' हें नांव अमरकोशांत अशोक, वेतस व तिनिश (तिवस) या तिघांसही आहे. वेतस यादींत निराळा आला असल्यानें येथें तो संभवत नाहीं. उरलेल्या दोहोंपैकीं माझा कल अशोकाकडे आहे.

करंजाची लागवड आपल्याकडे जुनीच. जुन्नरच्या लेण्यांतील एका लेखांत करंज व वड लावण्यासाठीं शेतांचें उत्पन्न दिल्याचा उल्लेख आहे. नाशिकच्या लेखांत उषवदातानें ३२,००० नारळी दिल्याचें कोरलें असून दान घेणाऱ्यांत शूर्पारक, म्हणजे सोपारें, येथील चरकही आहेत.

सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाची ऑक्सफर्ड येथील प्रत १९९६ सालीं सिकंदराबादेहून प्रकाशांत आली. तथापि स्थलविशेष कळण्यास घरगुती टिपणेंच हवींत: कलम कोठून आणलें, विहिरीचें पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरलें, शिंपण्यास काय पडलें. संग्राहक पोथ्या उचलतात आणि जमाखर्चाच्या वह्या रद्दींत सोडतात, हें मला खटकतें. कल्याणांत ज्यांच्या माळ्यावर अशा वह्या असतील, त्यांनीं वाडा पाडण्यापूर्वीं निदान झाडांच्या नोंदींचीं पानें तरी नकलून ठेवावीं.