ताईंची वही आणि सर्नची फोन डिरेक्टरी

आजचा एपिसोड इतिहासाचाच आहे, पण सुरुवात करतो एका एक्सेल शीटपासून.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका सामाजिक संस्थेसाठी मी शनिवार-रविवारी थोडं काम करत होतो. नाव सांगत नाही. त्यांच्या देणगी विभागात सात-आठ माणसं, आणि त्यांना फक्त स्टाफसाठी, आतल्या वापराची एक वेबसाईट हवी होती. काम जेमतेम सुरू झालं होतं, तेवढ्यात एक प्रकार घडला. देणगीदारांच्या शीटमध्ये 'ॲनिव्हर्सरी' असा एक कॉलम होता. एका काकांच्या नावापुढे त्यात तारीख होती. नुकत्याच लागलेल्या मुलाने त्या दिवशी सकाळी सकाळी त्यांना व्हॉट्सॲपवर गुलाबाचा फोटो पाठवला, लग्नाच्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! ती तारीख काकांच्या पत्नीच्या निधनाची होती. दरवर्षी त्याच दिवशी ते तिच्या नावाने देणगी द्यायचे.

मुलाला सगळे बोलले. पण खरं सांगू? कॉलमच्या डोक्यावर जे लिहिलं होतं तेच त्याने वाचलं. त्या तारखेचा अर्थ फक्त विभागातल्या ताईंना माहीत होता. त्यांच्या डोक्यात होता, आणि एका लाल बाइंडिंगच्या वहीत. आणि ताई मार्चअखेर निवृत्त होणार होत्या.

माझा पहिला प्लॅन काय होता ते सांगतो, हसू नका. वर फिरते फोटो, खाली संचालकांचं मनोगत, डावीकडे मेनू: विभाग, उपविभाग, फॉर्म, परिपत्रकं. म्हणजे नोटीस बोर्डच, फक्त स्क्रीनवर. या प्रकारानंतर मी तो बाजूला ठेवला आणि आतल्या साईट्सचा इतिहास वाचत बसलो. तेव्हा लक्षात आलं की आपण ज्याला वेब म्हणतो, ती मुळात एका ऑफिसच्या याच दुखण्यावरचा उपाय होती.

१९८९, मार्च महिना. जिनिव्हाजवळची सर्न ही भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा. टिम बर्नर्स-ली तिथे सॉफ्टवेअरचं काम करायचा. त्याने वरिष्ठांना एक प्रस्ताव दिला, विषय होता माहितीचं व्यवस्थापन. जग जोडायचं वगैरे मोठी भाषा त्याच्या तक्रारीत नव्हती. तक्रार अशी होती की इथे माणसं साधारण दोन वर्षं राहतात आणि जातात. कोणता भाग कुठे वापरलाय, हा प्रोग्रॅम कोणी लिहिला, त्यावर कोणाचं काम अवलंबून आहे, हे सगळं त्यांच्याबरोबर निघून जातं. नवीन येणाऱ्याचा बराच वेळ ते पुन्हा शोधण्यात जातो. कधीकधी माहिती लिहिलेली असतेही, पण सापडत नाही.

मला सगळ्यात भिडलं ते पुढचं. तो म्हणतो, माहिती झाडासारखी फांद्या-फांद्यांत मांडू नका, कारण खरं काम तसं चालत नाही. आणि विषयाचे शब्द लावून शोधायचं म्हटलं तर दोन माणसं एकाच गोष्टीला एकच शब्द कधी लावत नाहीत. आमचं 'ॲनिव्हर्सरी' प्रकरण दुसरं काय होतं! त्याचा उपाय होता, कुठलीही गोष्ट कुठल्याही गोष्टीला जोडता आली पाहिजे. माणूस कामाला, काम कागदाला, कागद दुसऱ्या माणसाला.

त्याचे साहेब माइक सेंडल यांनी प्रस्तावाच्या वरच्या कोपऱ्यात हाताने शेरा मारला. त्याचा अर्थ असा की हे मोघम आहे, पण उत्सुकता वाढवणारं आहे. अधिकृत प्रकल्प म्हणून मंजुरी काही मिळाली नाही. पण १९९० मध्ये त्याला नेक्स्ट कंपनीचा एक कॉम्प्युटर घेता आला, आणि वर्ष संपता संपता त्यावर पहिली साईट चालू झाली. त्या मशीनवर लाल शाईत एक चिठ्ठी चिकटवलेली होती, हा सर्व्हर आहे, बंद करू नका. (आमच्या संस्थेत राऊटरवर अशीच चिठ्ठी आहे. झाडणाऱ्या मावशींसाठी.)

आता गंमत. इतकी भारी कल्पना, पण सर्नमधली माणसं ती वापरायला लागली कशासाठी? फोन नंबर बघायला. फोन डिरेक्टरी मेनफ्रेमवर होती आणि तिथून नंबर काढणं हा वैताग होता. बर्न्ड पॉलरमन यांनी ती डिरेक्टरी वेबवरून बघायची सोय केली, आणि मग लोक रोज तिकडे फिरकू लागले. दुसरं काम केलं निकोला पेलो या विद्यार्थिनीने. बर्नर्स-लीचा ब्राउझर फक्त त्या महागड्या नेक्स्टवर चालायचा. पेलोने नुसत्या अक्षरांचा, ना चित्र ना माउस, असा साधा ब्राउझर लिहिला, जो कुठल्याही टर्मिनलवर चालेल. माझ्या मते वेब तगली ती या दोघांमुळे. आमच्याकडे देणगीसाठी फिरणारी माणसं साताऱ्यात, सोलापुरात असतात, हातात साधा फोन, रेंज अर्धी. तिथे फिरते फोटो कोण उघडणार?

देणगी गोळा करणाऱ्यांनी हा प्रश्न त्याआधीच बऱ्यापैकी सोडवला होता, तेही कागदावर. १९०५ च्या सुमाराला अमेरिकेत चार्ल्स वॉर्ड आणि लायमन पियर्स यांनी वायएमसीएच्या इमारतींसाठी थोड्या दिवसांच्या जोरदार मोहिमा सुरू केल्या. एकेका संभाव्य देणगीदाराचं एकेक कार्ड, आणि ती कार्डं कार्यकर्त्यांत वाटलेली. म्हणजे एकाच शेटजींच्या दारात एकाच आठवड्यात तिघे जाऊन उभे राहणार नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण तर घरचंच. आपण ज्या कर्वे रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकतो, त्या महर्षी कर्व्यांनी विधवांसाठी १८९६ मध्ये पुण्यात आश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याला नेला. त्याच्या वर्गणीसाठी त्यांची मेहुणी पार्वतीबाई आठवले गावोगाव हिंडल्या. स्वतः विधवा, इंग्रजी येत नव्हतं, तरी पुढे अमेरिकेपर्यंत गेल्या, तिथे घरकाम करून राहिल्या. हे आज कळतं, कारण 'माझी कहाणी' या पुस्तकात त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. अशाच फिरलेल्या बाकी किती जणांचं काही उरलं असेल?

तर मग प्लॅन बदलला. पहिल्या पानावर फक्त शोधायची चौकट आणि स्टाफचे फोन नंबर, कोणाला काय विचारायचं यासकट. त्याखाली ८०जीच्या पावतीचा नमुना, कारण तो रोज कोणीतरी मागतं. बाकी मेनू गेला. प्रत्येक देणगीदाराचं एक पान, त्यावर शेवटचं कोण बोललं आणि कधी. प्रत्येक नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव. 'ॲनिव्हर्सरी'चे दोन रकाने केले, लग्नाचा वाढदिवस आणि स्मृतिदिन.

खरा वाद झाला तो पुढे. २०२१-२२ पासून देणग्यांचा तपशील १०बीडी फॉर्ममध्ये द्यावा लागत होता, त्यामुळे पॅन, पत्ता, रक्कम हे चोख होतं. पण ताईंच्या वहीत बरंच काही होतं. कोणाचा मुलगा घरी बोलत नाही, कोणाला कसला आजार आहे. एकाचं म्हणणं, सगळं स्कॅन करून टाका. ताई ठाम नाही म्हणाल्या. "त्यांनी ते मला सांगितलंय रे, संस्थेला नाही." २०२३ चा डेटा संरक्षण कायदा मी लगेच काढला होता, पण ताईंचं वाक्य जास्त सोपं होतं. शेवटी ठरलं की देणगीदार शेजारी बसून वाचतोय असं समजून लिहायचं. जे त्याच्यासमोर लिहिता येणार नाही ते साईटवर येणार नाही.

म्हणजे वहीतलं निम्म्याहून जास्त आलंच नाही. इंजिनिअर म्हणून मला ते अजूनही थोडं खुपतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ताई त्या मुलाला शेजारी घेऊन बसल्या आणि वहीतलं एकेक नाव बघत काय लिहायचं ते सांगत गेल्या. काकांच्या पानावर त्यांनी स्वतः टाइप केलं, एका बोटाने: स्मृतिदिनी आपण फोन करू नये. ते स्वतः करतात, साधारण चारनंतर. तेव्हा नीट बोलावे.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.