कुत्र्याचा कुळवृत्तांत

मुलीचं लग्न जमवताना माणूस पाहत नाही इतकी कुळं आम्ही कुत्रा आणताना पाहिली. मूळ ठराव कन्येचा. सौ.ने त्याला उपसूचना जोडली, "आणा, पण ज्याचं काही करावं लागत नाही असा आणा." असा प्राणी घरात एक आहेच, असं म्हणताना तिने माझ्याकडे का पाहिलं, ते कळलं नाही. मी इतिहासाचा निवृत्त मास्तर; वंशावळी काढायचं काम माझ्याकडे आलं.

पहिलं स्थळ अल्सेशियनचं. १८९९ साली स्टेफानिट्झ नावाच्या जर्मन घोडदळातल्या कप्तानाने मेंढपाळांच्या कुत्र्यांतून ही जात उभी केली. पुढे पहिलं महायुद्ध पेटलं, आणि घरातल्या कुत्र्याला 'जर्मन' म्हणणं इंग्रजांना जड जाऊ लागलं. त्यांनी कुत्रा तोच ठेवला, नाव बदललं. मूळ नाव ब्रिटिश केनेल क्लबकडून सुटून यायला १९७७ साल उजाडलं. आमच्या सेगावचं १९४० साली सेवाग्राम झालं, ते निदान पत्रं शेगावला जाऊ नयेत म्हणून! शिवाय या गृहस्थाला मेंढ्या राखायची पिढीजात सवय. आमच्याकडे राखण्यासारखं मांजरही नाही.

दुसरं स्थळ पॉमेरेनियन. माहेर बाल्टिक समुद्राकाठी. १८८८ साली व्हिक्टोरिया राणीने फ्लॉरेन्समध्ये एक लहानखुरा नमुना पसंत केला, तेव्हापासून बड्या घरांत लहान पॉमेरेनियनची टूम निघाली. आपल्याकडे 'पामेरियन' म्हणून जो पांढरा धोप मिरवतो, तो बहुतेक वेळा त्याचा भाऊबंद स्पिट्झ असतो. "रोज भांग कोण पाडणार?" सौ.ने विचारलं. स्थळ फिसकटलं.

तिसरं नाव पगचं. ते घेताच घरात कुणी बोलेना.

दहा वर्षांपूर्वी आमच्याकडे पग होता. हा चीनच्या राजवाड्यात वाढलेला वंश. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत झळकला आणि गल्लीबोळांत पोचला. लहान, गरीब, केस आखूड. सांभाळायला एकदम सोपा, असं आम्हाला सांगितलं होतं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ काढून धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर काढतो, आणि चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेवढंही नीट जमत नाही, हे मात्र कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे पारा गेलेल्या एका दुपारी आम्ही आर्वीला लग्नाला गेलो. मागे कूलरची मोटर जळाली. संध्याकाळी परतलो तेव्हा तो मोरीच्या ओल्या फरशीवर पडलेला होता. आम्हाला सोपा कुत्रा हवा होता. कुत्र्याला आमचा गाव सोपा जाईल का, हा प्रश्न मास्तराच्याही डोक्यात आला नाही.

म्हणून परदेशी स्थळं बंद करून मी स्वदेशीकडे वळलो. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी आपल्या भागातली शिकारी कुत्री जोपासली, त्यांची जोडी पंचम जॉर्जला नजर केली. २००५ साली मुधोळ हाउंड टपालाच्या तिकिटावरही आला. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा जीव वाचवणाऱ्या कुत्र्याला तर जहागीर आणि पालखी होती, असं ग्रँट डफने लिहून ठेवलंय. "आपल्याकडे स्कूटर आहे," सौ. म्हणाली. शिवाय मुधोळचा कुत्रा सशामागे माळ तुडवणारा. रामनगरातल्या आमच्या अंगणात दोन उड्यांत कुंपण लागतं.

हे सारं दूधवाला रोज ऐकत होता. शेवटी त्याच्यानं राहवलं नाही.

"काहून एवढे पुस्तकं पाहून राह्यले जी, सर? थो पाहा ना, फाटकापाशी बसून हाय. माह्या गवळाऊ गाईले कोनी कूलर लावते का?"

मी चष्मा काढला. गवळाऊ म्हणजे आमच्या आर्वीकडची गाय. या उन्हात, या चाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या घडलेली. आणि फाटकाशी तांबूस, उभ्या कानांचा, आखूड केसांचा गावठी कुत्रा. याला कुणा कप्तानाने घडवलं नाही. जे ऊन सोसू शकले नाहीत ते गळत गेले, उरले त्यांचा हा वंशज. याच्यापेक्षा जुनं कुळ मला कुठे मिळणार होतं? दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसतात. त्यांची जात कुणी विचारली आहे?

"मग भाकरी टाकत जाऊ," मी म्हणालो. पण तिथेही इतिहास आडवा आला. सेवाग्रामला येऊन राहण्याच्या दहा वर्षं आधी, १९२६ साली, गांधीजींनी 'यंग इंडिया'त भटक्या कुत्र्यांवर लेखमाला लिहिली होती. अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने साठ कुत्री मारवली, गांधीजींनी त्याला दोष दिला नाही, आणि अहिंसावाद्यांच्या पत्रांचा त्यांच्यावर पाऊस पडला. त्यांचा सगळा सल्ला आजही कुणी पत्करणार नाही. पण एक मुद्दा मला चुकवता येईना : भटक्याला तुकडा टाकून निघून जाणं ही दया नव्हे, दया असेल तर त्याला पाळा, त्याचा भार घ्या.

तेव्हा भार घेतला. गोचिड्या काढल्या, रेबीजची लस टोचली, नसबंदी केली. 'काही करावं लागत नाही' ही कलमं एकेक करत खोडली गेली. पण उन्हाळा त्याने रांजणाखालच्या ओलीत, आमच्या मदतीशिवाय, मजेत काढायला सुरुवात केली.

परवा कूलरची मोटर पुन्हा जळाली. सौ. धावत बाहेर गेली आणि गोणपाट भिजवून कुत्र्यापाशी बसून राहिली. त्याला गोणपाटाची गरज नव्हती. पण तो शहाणा, उठला नाही. मी आत घामाने निथळत होतो. ज्याचं काही करावं लागत नाही, ते स्थान माझ्याकडे कायम आहे.